सर्वांत लांब हात

सवाबाचे काम करणाऱ्याने मजुरी मागावी की नाही, हा प्रश्न आम्हाला पडला तो एका टोपीमुळे. टोपी नमाजाची, पांढऱ्या सुती दोऱ्याची, क्रोशाच्या सुईने विणलेली. रमजानच्या तोंडावर एका दुकानदाराने ती परत पाठवली. एका फेरीत दोन खांब सुटले होते आणि त्यामुळे सगळी जाळी एका अंगाला ओढली गेली होती. एखादी टोपी बिघडली तर त्यात नवल नाही. पण त्याच हातची परत आलेली ती चौथी टोपी होती. आम्ही जरा कडक शब्दांतच म्हणालो, की खाला, हे सवाबाचे काम आहे, मन लावून करा.

त्या काही बोलल्या नाहीत. टोपी मांडीवर घेतली, दोरा ओढून फेऱ्या उसवल्या आणि दाराजवळच्या उजेडात सरकून बसल्या. ते वाक्य आम्ही किती सहज बोलून गेलो, हे आज आठवले की वाईट वाटते. पण गोष्ट सुरुवातीपासून सांगायला हवी.

आम्ही मंगळवेढ्यातल्या आठ जणी. कुणी शाळेत शिकवते, कुणी शिवणकाम करते, कुणी घरच्या किराणा दुकानात बसते. खालांसारखी एखादी दुसऱ्यांच्या घरी भाकऱ्या थापून स्वतःचे आणि नातवाचे पोट भरते. क्रोशा आम्हाला कुणी शिकवला नाही. आमच्या आयांच्या बोटांकडे पाहून तो आला. आमच्या लहानपणी घरात टीव्हीवर क्रोशाचा रुमाल असे, कुराणशरीफच्या जुजदानाला क्रोशाची कड असे आणि नव्या नवरीच्या ओढणीला हातची लेस असे. शेजारच्या मराठा आणि लिंगायत घरांत मुलीचे लग्न ठरले, की रुखवतातले तोरण आणि ताटावरचे रुमाल आमच्याकडूनच जात. पैशाचा विषय निघत नसे. त्या बदल्यात ज्वारी यायची, हुरडा यायचा, संक्रांतीला तिळगूळ यायचा. ती देवघेव होती, व्यवसाय नव्हता.

व्यवसाय सुरू झाला तो आमच्यातल्या शिक्षिकेच्या एका निरीक्षणामुळे. वर्गातली काही मुले फळ्यावरचे न पाहता शेजाऱ्याच्या वहीतले उतरवून घेतात, हे तिच्या लक्षात आले. मुले आळशी नव्हती, त्यांना फळाच दिसत नव्हता. साध्या चष्म्याला आमच्याकडे चारशे रुपये पडत होते आणि तेवढेही काही घरांत निघत नव्हते. तेव्हा ठरले, की आपण टोप्या विणाव्या, विकाव्या आणि येणारी सगळी रक्कम मुलांच्या चष्म्यांना द्यावी. प्रत्येक टोपीला एक चिठ्ठी लावली: ‘या टोपीचा संपूर्ण नफा गरीब मुलांच्या चष्म्यांसाठी.’ लोकांनी मनापासून प्रतिसाद दिला. कुणी दोनशे रुपये देऊन सुटे परत घेतले नाहीत. कुणी गरज नसताना तीन-तीन टोप्या नेल्या. पहिल्या वर्षी एकशेवीस टोप्या गेल्या. टोपीची किंमत दीडशे, त्यातले चाळीस दोऱ्याचे, उरले एकशेदहा. एकूण तेरा हजार दोनशे रुपये जमले आणि तेहतीस मुलांच्या नाकावर चष्मे चढले. ज्या दिवशी ते वाटले, त्या दिवशी आम्ही फार आनंदात होतो.

आणि दुसऱ्या वर्षी ही टोपी परत आली. खाला दाराजवळ बसून विणत होत्या, तेव्हा एकीच्या लक्षात आले, की त्या टाके पाहत नाहीत, अंगठ्याने चाचपून मोजतात. त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. जवळचे दिसत नव्हते. पहिल्या वर्षापासूनच दिसत नव्हते, हे मागाहून कळले. तेहतीस चष्मे घेताना आम्ही दोनदा चष्म्याच्या दुकानात जाऊन आलो होतो आणि त्या दोन्ही वेळी खाला आमच्याबरोबर होत्या. मग सांगितले का नाही, असे विचारल्यावर म्हणाल्या, ‘‘वो तो बच्च्यों का पैसा है ना बेटी. उसमें से मैं कैसा मांगूं?’’

या उत्तरात तक्रार नव्हती. म्हणूनच ते आम्हाला टोचले. त्या रात्री आम्ही हिशेबाची वही वेगळ्या डोळ्यांनी पाहिली. सराईत हाताला एका टोपीला सात तास लागतात. एकशेवीस टोप्यांचे आठशेचाळीस तास झाले. वहीत दोरा होता, चिठ्ठ्यांच्या छपाईचा खर्च होता. हे आठशेचाळीस तास कुठेच नव्हते. चष्मे आम्ही वाटले असे आम्ही समजत होतो. खरे तर ते या तासांनी वाटले होते, आणि त्यांतले बरेचसे तास अशा बाईचे होते जिला स्वतःला मदतीची गरज होती.

दान ही आमच्या गावाला नवी गोष्ट नाही. मंगळवेढा म्हटले की महाराष्ट्राला दामाजीपंत आठवतात. पंधराव्या शतकातला दुष्काळ, बिदरच्या बहामनी सुलतानाचे धान्याचे कोठार आणि त्या कोठाराची किल्ली हाती असलेला हा अंमलदार. माणसे भुकेने मरताना पाहून त्यांनी सरकारी कोठार उघडले. बादशहाने पकडून आणण्याचा हुकूम सोडला. आणि मग, कथा सांगते, की पंढरीचा विठ्ठल विठू महार होऊन बिदरला गेला, धान्याची किंमत भरली आणि पावती घेऊन आला. ही कथा आम्ही लहानपणी शेजारच्या कीर्तनात मांडी घालून ऐकली आहे. तेव्हा चमत्काराचे कौतुक वाटे. आज त्यातले दुसरेच काही दिसते. दामाजींची दया कितीही खरी असली, तरी धान्य त्यांचे नव्हते, हे लोकमानस विसरले नाही. त्या दयेची किंमत कुणीतरी मोजायलाच हवी होती. मोजणारा कुणी माणूस सापडला नाही, तेव्हा कथेने देवाच्या कमरेला पैशाची थैली बांधली. पण हिशेब उघडा ठेवला नाही.

प्रत्येक दानामागे असे एखादे कोठार असते. ते कुणाचे आहे, एवढे विचारावे लागते. आमच्या दानामागचे कोठार म्हणजे खालांचे डोळे आणि त्यांची बोटे. त्याची किल्ली मात्र आमच्या हाती होती आणि पावती कुणी मागितली नव्हती.

याच गावाची दुसरी आठवण चोखोबांची आहे आणि ती दामाजींइतकी मिरवली जात नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर चोखामेळाही गाडले गेले, असे परंपरा सांगते. साल १३३८. नामदेव त्यांच्या अस्थी शोधायला आले आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले, ती चोखोबांची म्हणून पंढरपूरला घेऊन गेले. गावकूस गावाच्या रक्षणासाठी असते, म्हणजे कामही भल्याचेच. त्या भल्याच्या कामाखाली एक संत होता म्हणून त्याच्या अस्थी शोधल्या गेल्या. त्याच्या शेजारी गाडलेल्या मजुरांची नावे कुणालाच ठाऊक नाहीत. एकाच गावात देणाऱ्याची आठवण आहे आणि राबणाऱ्याचीही. आम्ही मात्र आजवर फक्त देणाऱ्याकडे पाहून शिकत आलो.

आमच्यातच यावर मतभेद झाले, आणि ते इथे नोंदवायला हवेत. एक जण म्हणाली, की सगळा भार नियतीवर आहे. खालांवर कुणी जबरदस्ती केली नाही. त्यांनी अल्लाहसाठी श्रम दिले, त्याचे मोल अल्लाह देईल. आपण मधे पैसा आणला तर त्यांचा सवाब बुडवू. या बोलण्यात तथ्य आहे. श्रमदान ही मोठी गोष्ट आहे आणि गरिबाने दान करूच नये असे म्हणणे हा गरिबाचा अपमान आहे. पण दान देण्यासाठी आधी ती वस्तू आपली असावी लागते आणि ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असावी लागते. मोहल्ल्यातल्या आठ बायका एका चांगल्या कामासाठी बसल्या आहेत, मुलांच्या डोळ्यांचा प्रश्न आहे, चिठ्ठीवर ‘संपूर्ण नफा’ छापले आहे. अशा वेळी ‘माझे सात तासांचे काय?’ हे विचारण्याची हिंमत कुणाला होईल? विचारणारी स्वार्थी ठरेल. जबरदस्ती काठीनेच होते असे नाही. चांगुलपणाच्या दडपणानेही ती होते, आणि त्या दडपणाविरुद्ध बोलायला जागा नसते.

दीन काय सांगतो हे पाहू लागलो, तेव्हा आम्हाला उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश भेटल्या. हदीसमध्ये येते, की पैगंबरांनी (स.) आपल्या पत्नींना सांगितले होते, की माझ्यानंतर माझ्याकडे सर्वांत आधी ती येईल जिचा हात सर्वांत लांब आहे. त्या आपापले हात लावून मोजू लागल्या. पुढे हिजरी २० मध्ये जैनब यांचा इंतकाल सर्वांच्या आधी झाला आणि तेव्हा अर्थ उमगला. त्या हाताने काम करत, कातडे कमावत, शिवत आणि त्या कमाईतून सदका देत. लांब हात म्हणजे देणारा हात. आपल्या भाषेत ‘याचे हात फार लांब पोचलेत’ हे वेगळ्याच अर्थाने म्हणतात. इथे लांबी मोजली ती श्रमाने आणि देण्याने. आमच्या टोप्यांना याहून मोठा आदर्श कोणता? पण नीट पाहिले तर फरक लक्षात येतो. जैनब यांची कमाई आधी त्यांच्या हातात येत होती, मग तो हात पुढे होत होता. आम्ही खालांच्या हातात काही येऊच दिले नाही. मधल्यामध्ये घेतले आणि देताना हात आमचा लांब झाला.

दुसरी हदीस कमी सांगितली जाते. हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद यांची पत्नी हातच्या कलेवर कमावणारी होती. पतीवर आणि मुलांवर तिची कमाई संपून जाई. तिला वाटले, की तुमच्यापायी मला सदका देता येत नाही. तिने पैगंबरांना (स.) विचारले. उत्तर असे मिळाले, की त्यांच्यावर खर्च कर, त्याचाही तुला अज्र आहे. म्हणजे हातच्या कमाईतून घरच्या चुलीवर जे जाते तेही सवाबाच्या खात्यात जमा होते. खालांनी मजुरी घेऊन नातवाला दूध आणले, तर त्यांचा सवाब कुठे बुडतो? तो बुडेल ही भीती आमची होती. त्यामागे, खरे सांगायचे तर, चष्म्यांचा आकडा कमी होईल ही भीती होती.

शिवाय मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी ही शिकवण आपण शुक्रवारच्या बयानात कितीदा ऐकतो. ती ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर गवंडी येतो, हमाल येतो. ओसरीवर बसलेली बाई येत नाही, कारण तिला घाम आलेला दिसत नाही. जकातीचे नियमही या बाबतीत डोळे उघडतात. मजुरी ही जकातीत धरता येत नाही. जकात विनामोबदला गरजवंताच्या मालकीची व्हावी लागते. तसेच टोपी विकत घेणाऱ्याने ते पैसे आपल्या जकातीत धरू नयेत, कारण बदल्यात त्याला टोपी मिळाली आहे. जकात वेगळी, सदका वेगळा, मजुरी वेगळी आणि किंमत वेगळी. शरीयतने हे चार रस्ते वेगळे ठेवले. आमच्या एका चिठ्ठीने ते चारही एकत्र केले होते.

टोपीचाच विषय आहे तर एक आठवण टाळता येत नाही. आमच्याच तालुक्यात भीमेकाठी माचणूर-ब्रह्मपुरी आहे. औरंगजेब बादशहाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात तिथे होती. त्याच्या राजवटीचा आणि दक्षिणेतल्या त्या लांबलेल्या लढाईचा हिशेब इतिहासाने मांडला आहे. तो इथे उघडण्याचे कारण नाही. पण त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मृत्युपत्रात टोप्यांचा उल्लेख येतो: टोप्या शिवून मिळालेले चार रुपये दोन आणे कफनाला वापरावे आणि कुराणाच्या प्रती लिहून मिळालेले तीनशेपाच रुपये फकिरांना वाटावे. खजिन्याचा पैसा आणि हाताचा पैसा वेगळा, ही जाण त्या मजकुरात नक्कीच आहे. आमच्यातल्या एकीने हे उदाहरण दिले तेव्हा दुसरी लगेच म्हणाली, ‘‘बादशहाची चूल टोपीवर पेटत नव्हती.’’ ज्याचे पोट दुसरीकडे भरते त्याच्यासाठी टोपी शिवणे ही इबादत असते. ज्याचे भरत नाही त्याच्यासाठी ती आधी भाकरी असते. आमच्या आठ जणींतही दोन्ही प्रकारच्या होत्या आणि आम्ही सर्वांना एकाच मापाने मोजले.

क्रोशाचा इतिहास वाचला तेव्हा कळले, की ही चूक करणारे आम्ही पहिले नाही. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक वर्षामागून वर्ष कुजत गेले आणि सुमारे दहा लाख माणसे मेली. तेव्हा कॉर्क परिसरातल्या जोगिणींनी आणि इतर स्त्रियांनी घरोघरच्या बायकामुलींना क्रोशा शिकवला. जुन्या सुईच्या लेसपेक्षा ती लवकर होत असे, लंडन-पॅरिसला विकली जात असे आणि त्या कमाईवर कितीतरी घरांनी ते दिवस काढले. दुष्काळात बाईच्या हाती सुई देऊन तिला कमावती करणे हे खैरातीचे उत्तम रूप, कारण त्यात मजुरी त्या बाईच्याच घरी जात होती.

त्याच एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी आंध्रातल्या नरसापूर भागात गरीब बायकांना लेस विणायला शिकवले. सुरुवात परोपकाराची होती. पुढे तो मोठा निर्यातीचा धंदा झाला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांचा नरसापूरच्या लेसवाल्यांवरचा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. त्यातले चित्र बोचरे आहे. बायका घरकाम सांभाळून दिवसाचे कित्येक तास विणत होत्या, निर्यातदार श्रीमंत होत होते आणि बायकांच्या हाती अगदी थोडे पडत होते. कारण त्यांना कामगार कुणी म्हणतच नव्हते. त्या ‘गृहिणी’ होत्या, घरबसल्या फावल्या वेळात विणणाऱ्या. ‘फावला वेळ’ हा शब्द वाचून आम्ही थांबलो. आम्हीही तोच वापरत होतो. भाकऱ्या थापून आलेल्या खालांचा वेळ फावला कसा?

उलट सोलापूरच्या विडी कामगार बायका पाहा. त्याही घरीच वळतात. पण १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी झालेल्या कायद्याने घरी बसून विडी वळणारीलाही कामगार मानले. त्या संघटित झाल्या, भांडल्या, मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी हे शब्द त्यांच्या तोंडी आले. विडीला कुणी सवाबाचे काम म्हणत नाही, म्हणूनच कदाचित तिथे मजुरीचे बोलणे सोपे गेले असावे. आणि मुंबईत, १५ मार्च १९५९ रोजी, गिरगावातल्या सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ती ‘लिज्जत’. देणगी घ्यायची नाही आणि लाटणारी प्रत्येक बहीण ही मालक, हे त्यांनी आरंभीच ठरवले. लोकांनी पापड घ्यावा तो दयेने नव्हे, चवीने. आमच्या टोप्या मात्र लोक दयेने घेत होते. टोपीची वीण कशी आहे हे फारसे कुणी पाहत नव्हते. म्हणून तर सुटलेले खांब पहिल्या वर्षी कुणाच्या ध्यानात आले नसतील.

क्रोशाची आणखी एक गोष्ट आहे. विणकामाची यंत्रे आहेत, जाळीदार कापड यंत्रावर निघते, तशा टोप्या बाजारात स्वस्तात मिळतातही. पण खरा क्रोशा यंत्राला येत नाही; प्रत्येक टाक्यात सुई फिरवायला माणसाचाच हात लागतो. म्हणून खऱ्या क्रोशाची वस्तू फार स्वस्त दिसली, तर समजावे की कुठेतरी कुणाचे तरी तास फुकट गेले आहेत. आमची दीडशेची टोपी अशीच होती. उरलेले सगळे एकशेदहा रुपये विणणारीला दिले असते, तरी तासाला सोळा रुपयेही पडले नसते.

शेवटी आम्ही नवे नियम केले. दोरा चाळीस रुपये. मजुरी तासाला पंचवीस, म्हणजे टोपीला एकशेपंच्याहत्तर. टोपी हातात आली की त्याच दिवशी रोख. हा दर शेतातल्या रोजापेक्षा कमीच आहे, हे आम्हाला ठाऊक आहे; पण याहून वर नेला तर टोपी विकली जात नाही. त्यावर चष्म्यांसाठी पंचवीस. किंमत दोनशेचाळीस. चिठ्ठी बदलली: ‘यातले १७५ रुपये विणणारीची मजुरी, २५ रुपये मुलांच्या चष्म्यांसाठी.’ ओसरीच्या आत एक डबा ठेवला. मजुरी घेतल्यावर ज्या बाईला अल्लाहच्या वाटेने काही द्यायचे असेल तिने त्यात टाकावे. कुणी पाहू नये, कुणी विचारू नये. दान उघडपणे दिले तरी चांगले, पण गरिबाला गुपचूप दिले तर अधिक चांगले, हे सूरह अल्-बकरामध्ये सांगितले आहे. केलेले उपकार बोलून दाखवल्याने सदका वाया जातो, हेही तिथेच आहे. आम्ही खालांना ‘सवाबाचे काम आहे’ म्हणालो, ते बोलून दाखवणेच होते. आणि तेही उपकार त्यांचे असताना.

याचा परिणाम काय झाला, हे लपवून हा लेख लिहिता येणार नाही. त्या वर्षी सत्तरच टोप्या गेल्या. काही नेहमीच्या गिऱ्हाइकांनी चिठ्ठी वाचून तोंड वाकडे केले. एक गृहस्थ म्हणाले, ‘‘मग यात धर्मादाय ते काय राहिले? बायका मजुरीच घेतात.’’ डब्यातले धरून नऊ चष्मे झाले. तेहतीसवरून नऊ. चोवीस मुलांचा हा फरक आमच्या पोटात खड्ड्यासारखा आहे आणि कोणत्याही युक्तिवादाने तो भरत नाही. खालांची मजुरी न्याय्य होती म्हणून त्या मुलाला फळा दिसू लागत नाही.

पण त्या चोवीस मुलांचे देणे आठ जणींच्या फुकट तासांवरच का असावे, हा प्रश्न त्या धक्क्यामुळेच सुचला. चौकशी केली तेव्हा कळले, की राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्यात शाळेत डोळे तपासून गरजू मुलांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. आमच्या शिक्षिकेने मुख्याध्यापकांकडून अर्ज करवला. काही मुलांची सोय तिथून झाली, काहींची व्हायची आहे. हे पहिल्याच वर्षी करायला हवे होते. हक्काने मिळण्यासारखी गोष्ट आम्ही खैरातीने देत होतो, आणि ती खैरातही एका गरीब बाईच्या डोळ्यांतून काढून.

बाराव्या शतकात बसवेश्वर याच मंगळवेढ्यात राहिले आणि इथूनच पुढे कल्याणला गेले. आमच्या लिंगायत शेजारणी त्यांचे दोन शब्द नेहमी जोडीने घेतात: कायक आणि दासोह. आधी आपल्या हाताचे काम, आणि त्याच्या फळातून समाजाला देणे. टोप्यांचा हा सगळा घोळ ऐकून त्यांच्यातली एक म्हणाली, की तुम्ही कायकाला वगळून दासोह करायला गेलात. जैनब यांच्या हदीसमधून आम्ही ज्याच्यापर्यंत पोचलो होतो, तेच तिने अर्ध्या वाक्यात सांगितले.

खालांनी पहिल्या आठवड्याच्या मजुरीतून स्वतःचा चष्मा घेतला. आम्ही देऊ केला होता. त्यांनी घेतला नाही. आता त्या टाके चाचपत नाहीत, मोजतात. गेल्या रमजानात त्यांची एकही टोपी परत आली नाही. त्या डब्यात काही टाकतात की नाही, हे आम्हाला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचेही नाही. त्यांचा हात किती लांब आहे हे मोजण्याचा अधिकार आमचा नाही. आमच्याकडे एवढेच काम आहे, की तो हात रिकामा असताना कुणी त्याच्याकडून दान घेऊ नये, आणि चांगल्या कामाच्या नावाने तर मुळीच घेऊ नये. चोवीस मुलांचा हिशेब अजून वहीत उघडा आहे.